रंगीत काच लावून टीव्ही रंगीत होत नाही! नवं मशीन घेण्याआधी ‘स्टार ट्रेक’चा धडा वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मशिनरी लोनवर बोललो. कागदपत्रं, हप्ता, सबसिडी सगळं झालं, पण एक मुद्दा वेळेअभावी राहिला आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कर्ज कसं मिळवायचं हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की नवं मशीन, नवं सॉफ्टवेअर, नवं तंत्र घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर कधी?

माझं मत आधीच सांगून टाकते. “जो आधी घेतो तो जिंकतो” हे अर्धसत्य आहे. “आपलं जुनं बरं” हेही अर्धसत्यच. नव्या तंत्राला आपल्या धंद्यात नेमकं काय काम द्यायचं, हे ज्याला कळतं तो जिंकतो. बाकीचे फक्त हप्ते भरतात.

आता हे पटवून द्यायला मी कारखान्यातलं उदाहरण घेणार नाहीये. आपण जाऊ १९६० च्या दशकातल्या अमेरिका-इंग्लंडच्या टीव्हीकडे, अंतराळयानं आणि परग्रहवासीयांच्या मालिकांकडे. हसू नका! काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरून रंगीत टीव्हीकडे जाताना या मालिका बनवणाऱ्यांपुढे तुमच्यासारखेच प्रश्न होते. पैसे कमी, खर्च जास्त, घरोघरी जुनेच संच, आणि डोक्यावर बसलेला माणूस म्हणतोय, “रंग आणा, नाहीतर मागे पडाल.”

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत रंगीत टीव्हीची पहिली मोठी लढाई दोन कंपन्यांत झाली, सीबीएस आणि आरसीए. १९५० मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने सीबीएसच्या पद्धतीला मान्यता दिली. १९५१ च्या जूनमध्ये प्रक्षेपण सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये बंदही पडलं. कोरियन युद्धामुळे रंगीत संचांचं उत्पादन थांबवायला सांगितलं गेलं, हे एक कारण. पण मुळातली अडचण वेगळी होती. सीबीएसचं रंगीत प्रक्षेपण घरातल्या जुन्या संचांवर दिसतच नव्हतं! तोपर्यंत लोकांनी एक कोटीहून जास्त काळे-पांढरे संच विकत घेतलेले होते. त्या सगळ्यांना सीबीएस जणू सांगत होती की आमचा कार्यक्रम बघायचा तर आधी दुसरा डबा आणा.

आरसीएने वेगळी वाट धरली. त्यांच्या पद्धतीत उजेड-अंधाराचं चित्र जसंच्या तसं जायचं आणि रंगाची माहिती त्यावर वेगळी लादलेली असायची. रंगीत संच दोन्ही वाचायचा, जुना संच रंगाची माहिती सोडून द्यायचा आणि नेहमीसारखं काळं-पांढरं चित्र दाखवायचा. डिसेंबर १९५३ मध्ये या पद्धतीला मान्यता मिळाली आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेत तीच चालली.

तरीही रंग लगेच विकला गेला का? अजिबात नाही. १९५४ मध्ये आरसीएचा पहिला रंगीत संच आला तेव्हा त्याची किंमत होती १,००० डॉलर. सामान्य कुटुंबाची काही महिन्यांची कमाई! काही महिन्यांतच किंमत जवळपास अर्ध्यावर आणावी लागली. तरीही अर्ध्या अमेरिकन घरांत रंगीत संच यायला १९७० चं दशक उजाडलं. चांगलं तंत्र होतं, जुन्या संचांशी जुळणारं होतं, मोठी कंपनी मागे होती, आणि तरी वीसेक वर्षं लागली. “दोन वर्षांत सगळं बदलणार आहे” असं तुम्हाला कोणी सांगितलं की हा आकडा आठवा.

धडा १: रंग हवाय कोणाला, ते आधी विचारा

ही आरसीए नुसती टीव्ही संच बनवणारी कंपनी नव्हती. एनबीसी हे प्रसारण जाळंही तिच्याच मालकीचं होतं. म्हणजे एनबीसीवरचा प्रत्येक रंगीत कार्यक्रम ही आरसीएच्या संचाची जाहिरात होती. १९५६ मध्ये एनबीसीने रंगीत पिसाऱ्याचा मोर आणला. जुन्या संचावर तो करडाच दिसायचा, आणि घरातल्या माणसाला न बोलता सांगायचा की तुमच्याकडे काहीतरी कमी आहे.

१९६५ च्या शरद ऋतूत एनबीसीच्या संध्याकाळच्या जवळजवळ सगळ्या मालिका रंगीत झाल्या. १९६६ मध्ये तिन्ही मोठ्या जाळ्यांवर संध्याकाळ पूर्ण रंगीत झाली. त्याच हंगामात, ८ सप्टेंबर १९६६ ला, एनबीसीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. त्या वेळी बहुतेक घरांत संच मात्र काळे-पांढरेच होते!

रंगाची घाई प्रेक्षकाला झाली नव्हती, संच विकणाऱ्याला झाली होती. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. धंदा आहे, धंदा असाच चालतो. पण मालिका बनवणाऱ्याने हे ओळखलं तर त्याला भाव करता येतो. ‘स्टार ट्रेक’च्या बाबतीत तर हर्ब सोलो या निर्मितीतल्या अधिकाऱ्याने नंतर सांगितलं की साध्या प्रेक्षकसंख्येत मालिका फार वर नव्हती, पण रंगीत संच असलेल्या घरांत ती फार आवडती होती आणि ती टिकायला त्याचाही हातभार लागला. म्हणजे तुमचा माल ज्याच्या मशीनला शोभा देतो, त्याला तुमची गरज असते.

आता तुमच्याकडे या. प्रदर्शनात डीलर डेमो देतो, चहा पाजतो, “मॅडम, आता सगळे हेच घेतायत” म्हणतो. त्याला विचारा, हे मशीन माझ्या गिऱ्हाइकाला हवंय की तुमच्या टार्गेटला? आणि हेही बघा की तुमच्या गावातलं पहिलं मशीन तुम्ही घेत असाल तर तुमचं युनिट हेच त्याचं शोरूम होणार आहे. मग त्या बदल्यात काय मागाल? मोफत सर्व्हिस, जास्तीचे सुटे भाग, ट्रेनिंग, किमतीत सूट. मोर तुमच्या भिंतीवर नाचणार असेल तर त्याचं भाडं घ्या!

धडा २: जुन्या टीव्हीवरही दिसलं पाहिजे

सीबीएस हरली आणि आरसीए जिंकली, त्यातला हा धडा. पण मालिका बनवणाऱ्यांनीही तो कसा पाळला ते बघा.

‘स्टार ट्रेक’मधल्या यानावरच्या माणसांचे शर्ट आठवा. हुकूम देणारे सोनेरी, शास्त्रज्ञ आणि डॉक्टर निळे, इंजिनीअर आणि सुरक्षावाले लाल. रंगीत संचावर एका नजरेत कळतं कोण काय काम करतो. पण काळ्या-पांढऱ्यावर? तिथे सगळं करडं. तरी तिथल्या प्रेक्षकाचं अडत नव्हतं, कारण छातीवरच्या बिल्ल्यात प्रत्येक खात्याचं चिन्ह वेगळं होतं आणि बाहीवरच्या पट्ट्यांवरून हुद्दा कळत होता. रंग नसला तरी माहिती पोचत होती.

स्पॉकचंही तसंच. हा परग्रहवासी आधी लालसर कातडीचा करायचा विचार होता. पण तो लाल मेकअप काळ्या-पांढऱ्या संचावर काळाकुट्ट दिसतो, हे लक्षात आलं आणि बेत बदलला. शेवटी फिकट पिवळसर रंग आणि टोकदार कान ठरले. कान कुठल्याही टीव्हीवर टोकदारच दिसतात!

तुमच्या धंद्यात ‘जुना टीव्ही’ म्हणजे कोण? वहीवर उधारी लिहून घेणारा किराणा दुकानदार. फोनवर ऑर्डर देणाऱ्या काकू. रोख देणारा, क्यूआर कोड न वापरणारा शेतकरी. तुम्ही उद्यापासून “ऑर्डर फक्त ॲपवर” असा बोर्ड लावलात तर तुम्ही सीबीएस झालात. ॲप जरूर करा, पण फोन चालू ठेवा. नवं पॅकिंग करा, पण ज्या पाकिटावरच्या चित्रामुळे वाचता न येणारी आजीसुद्धा तुमचा मसाला ओळखते, ते चित्र काढू नका. तुमचा तो टोकदार कान आहे.

धडा ३: रंगाला कामाला लावा

इथे मला दोन मालिकांची तुलना करायचीय.

पहिली ‘लॉस्ट इन स्पेस’. अवकाशात भरकटलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. सप्टेंबर १९६५ मध्ये सुरू झाली, पहिला हंगाम काळा-पांढरा. सुरुवातीचे भाग बघा, अंधार, एकटेपणा, खरी भीती आहे त्यात. जानेवारी १९६६ मध्ये समोरच्या जाळ्यावर, त्याच बुधवारच्या वेळेला, रंगीत ‘बॅटमॅन’ आली. भडक रंग, थट्टामस्करी, तुफान चाललेली. ‘लॉस्ट इन स्पेस’ दुसऱ्या हंगामापासून रंगीत झाली आणि तीही त्याच वाटेने गेली. कपडे चमकदार, राक्षस रंगीबेरंगी आणि गोष्ट हळूहळू पोरखेळ. तिसऱ्या हंगामात तर एका भागात बोलणारं भलंमोठं गाजर आहे! मुलांना मजा आली असेल, मी नाकारत नाही. पण जी भीती आणि ओढ घेऊन मालिका निघाली होती ती रंगाच्या डब्यात बुडाली. शेजाऱ्याचं दुकान चालतंय म्हणून आपला माल बदलायचा, याचं मला हे नेमकं उदाहरण वाटतं.

दुसरी आपली ‘स्टार ट्रेक’. पहिल्या हंगामात एका भागाचा खर्च सुमारे १ लाख ९० हजार डॉलर. ऐकायला मोठा, पण दर आठवड्याला नवा ग्रह दाखवायचा तर तुटपुंजा. मग त्यांनी काय केलं? कॅमेऱ्यामागे जेरी फिनरमन नावाचे छायाचित्रणकार होते. त्यांनी करड्या भिंतींवर रंगीत दिवे टाकले. तीच भिंत आज जांभळी, उद्या हिरवी, परवा तांबडी. ग्रहाचं आकाशही तसंच: स्टुडिओतला एकच मोठा पडदा, पुढे दिव्याला लावलेला रंगीत कागद बदलला की ग्रह बदलला. सुताराचा खर्च शून्य!

याला मी म्हणते रंगाला कामाला लावणं. रंगामुळे खर्च वाढला, तर त्याच रंगाकडून दुसरा खर्च वाचवून घेतला. एका सेटमधून दहा ग्रह काढले.

मसाल्याचा धंदा असेल तर विचार करा. एकच मूळ मिश्रण, त्यात थोडा फरक करून मिसळीचा, मटणाचा, वांग्याच्या भरिताचा असे तीन मसाले निघतात का? एकाच छापील पाऊचवर वेगळं लेबल चिकटवून पाच प्रकार विकता येतात का? नवं मशीन आलं तर त्याने जुन्या कुठल्या खर्चाला कात्री लावली, हे उत्तर असल्याशिवाय घेऊ नका.

याच मालिकेचा अजून एक किस्सा सांगते, कारण तो दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या छापखान्यात घडतो. पहिल्या चाचणी भागासाठी एक हिरव्या कातडीची परग्रहवासी नर्तकी हवी होती. मेकअपची चाचणी घेतली, फिल्म धुवायला लॅबला पाठवली. परत आली तर बाई नेहमीच्या रंगाची! मेकअप अजून गडद केला, पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. शेवटी कळलं की हिरवा चेहरा म्हणजे काहीतरी चूक झालीय असं समजून लॅबवाले इमानेइतबारे तो रंग ‘दुरुस्त’ करत होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नवं काही करताना छापखानावाला, पॅकिंग करणाऱ्या ताई, टेम्पोवाला, सगळ्यांना आधी सांगा की यंदा हे वेगळं का आहे. नाहीतर चांगली माणसंच तुमचं नवेपण प्रेमाने पुसून टाकतात.

धडा ४: रंग आला की कुठेतरी कात्री लागते

आता इंग्लंडला जाऊ. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका नोव्हेंबर १९६३ पासून काळी-पांढरी चालू होती. डॉक्टर एका निळ्या पेटीतून काळात आणि अवकाशात कुठेही जातो. म्हणजे दर गोष्टीला नवा ग्रह, नवं शतक, नवे सेट.

बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर रंग आला नोव्हेंबर १९६९ मध्ये. ‘डॉक्टर हू’चा पहिला रंगीत भाग लागला ३ जानेवारी १९७० ला. आणि त्याच वेळी गोष्टीत काय घडलं? डॉक्टरला शिक्षा झाली. पेटी चालवायचं त्याचं ज्ञान काढून घेतलं आणि त्याला पृथ्वीवर अडकवून ठेवलं! कथेत ती शिक्षा होती, हिशोबाच्या वहीत ती काटकसर होती. पृथ्वीवरच्या गोष्टींना परग्रहाचे सेट लागत नाहीत, रस्ते आणि कारखाने आयते मिळतात. शिवाय आधीच्या हंगामात ४४ भाग होते, ते रंगीत हंगामात २५ वर आणले. भाग कमी, जागा कमी, पण जे दाखवलं ते नीट. मालिका पुढे १९८९ पर्यंत चालली.

मला या निर्णयाचं फार कौतुक आहे. त्यांनी असं म्हटलं नाही की रंगही आणू, ग्रहही दाखवू, भागही तेवढेच करू. एक मोठा खर्च अंगावर घेतला तेव्हा दोन मोठे खर्च खाली ठेवले. आणि जे कमी केलं त्याचीच नवी गोष्ट बनवली.

आपल्याकडे उलटं होतं. नवं मशीन आलं की नवं बोर्डही हवं, नवी जागा हवी, दहा नवे प्रकार हवेत, उद्घाटनाला मंडप हवा. सहा महिन्यांनी मशीन चांगलं चालत असतं आणि धंदा बसलेला असतो, कारण कच्चा माल आणायला गल्ल्यात पैसाच नसतो. त्यामुळे मशीन घ्याल त्या वर्षी वीस प्रकारांचे बारा करा. कुठले आठ बंद करायचे ते मशीन यायच्या आधी ठरवा.

अजून एक. त्या काळ्या-पांढऱ्या मालिका आठवतात? ‘ट्वायलाइट झोन’ १९५९ ते १९६४, ‘आउटर लिमिट्स’ १९६३ ते १९६५. दोन्ही शेवटपर्यंत रंगाशिवाय. सावल्यांचा वापर इतका हुशारीने केलेला की रबराचा मुखवटा अंधारात खरा राक्षस वाटायचा. तोच मुखवटा भर रंगीत उजेडात आणला तर रबरच दिसेल. नवं तंत्र तुमचे गुण मोठे करतं तसे दोषही मोठे करतं. मालाचा दर्जा डळमळीत असताना तुम्ही जोरदार व्हिडिओ जाहिरात केलीत तर काय होईल? तुमचा कच्चा पापड दहा गावांऐवजी शंभर गावांत कच्चा म्हणून प्रसिद्ध होईल. आधी पापड, मग कॅमेरा.

“मग काय, थांबूनच राहायचं का?”

नाही! कोणी माझ्या नावावर “मॅडम म्हणाल्या नवं घेऊ नका” असं खपवू नये म्हणून ही दोन उदाहरणं.

‘आय ड्रीम ऑफ जिनी’ ही अंतराळवीराला बाटलीतली जिनी सापडते अशी गमतीदार मालिका. १९६५ मध्ये एनबीसी जवळजवळ पूर्ण रंगीत होत असताना हिचा पहिला हंगाम काळा-पांढरा निघाला. निर्माते सिडनी शेल्डन यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की भागामागे जादा लागणारे ४०० डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला ते तयार होते, पण पैसे वाया घालवू नका असा सल्ला त्यांना कंपनीतून मिळाला. मालिका चालेल असा वरच्यांना भरवसाच नव्हता. ती पाच हंगाम चालली. पुढे पुनःप्रसारणाचा बाजार आला, वाहिन्यांना रंगीत भाग हवे झाले आणि पहिल्या हंगामाचे ३० भाग मागे पडले. कित्येक वर्षांनी डीव्हीडी काढताना ते भाग संगणकाने रंगवून घेतले. ४०० डॉलर वाचवले, पण केवढ्याला पडले!

दुसरं उदाहरण बरोबर उलट. इंग्लंडमध्ये गेरी अँडरसन यांची कठपुतळ्यांची विज्ञान मालिका ‘स्टिंगरे’ १९६४ मध्ये रंगीत फिल्मवर बनली, पाठोपाठ ‘थंडरबर्ड्स’. तेव्हा इंग्लंडमध्ये रंगीत प्रक्षेपण सुरूही झालेलं नव्हतं! मग रंगाचा खर्च का केला? कारण निर्मितीला पैसे देणाऱ्या लू ग्रेड यांच्या कंपनीला अमेरिकेत माल विकायचा होता आणि तिथे रंगाची मागणी वाढत होती. घरच्या बाजारात काळं-पांढरं दाखवलं, रंगाची किंमत दुसऱ्या बाजारातून काढायची असं ठरवलं. आणि इंग्लंडमध्ये रंग आला तेव्हा माल तयारच होता.

दोन्हीत फरक काय? ‘स्टिंगरे’वाल्यांना रंगाचा गिऱ्हाईक कोण हे माहीत होतं. ‘जिनी’वाल्यांनी फक्त या वर्षाचा खर्च बघितला, माल किती वर्षं विकला जाणार ते बघितलं नाही.

आता तुमचा हिशोब

समजा तुमचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे. हँड सीलरवर काम चाललंय. ऑटोमॅटिक पाऊच मशीनसाठी ५ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, १२ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता साधारण ११,१२० रुपये. मशीनमुळे एका पाकिटामागे मजुरी आणि वाया जाणारा माल मिळून ४ रुपये वाचतात असं धरू. तर फक्त हप्ता भागवायला महिन्याला २,७८० पाकिटं विकली गेली पाहिजेत. वीजबिल, सर्व्हिस, सुटे भाग अजून यात धरलेच नाहीत.

तुम्ही आज महिन्याला १,२०० पाकिटं विकत असाल तर हे मशीन तुमच्यासाठी रंगीत टीव्ही नाही. १९५४ सालचा हजार डॉलरचा डबा आहे. थांबा, आधी विक्री वाढवा. तुम्ही ४,००० विकत असाल आणि ऑर्डर परत पाठवाव्या लागत असतील तर उगाच थांबू नका, तिथे थांबणं म्हणजे ४०० डॉलर वाचवणं आहे.

आणि मधल्यांचं काय? मधल्यांसाठी वाट आहे: पॅकिंग बाहेरून करून घ्या, बचत गटात मिळून मशीन घ्या, जुनं मशीन तपासून घ्या. चार महिने आकडे लिहा, मग ठरवा.

मूळ प्रत जपा

हा मुद्दा छोटा आहे, पण सोडू नका. ‘स्टार ट्रेक’चा पहिला चाचणी भाग रंगीत होता. तो नाकारला गेला आणि पुढे दुसऱ्या भागात वापरायला त्याची रंगीत फिल्म कापली गेली. मग १९८६ मध्ये व्हिडिओ कॅसेट काढताना अर्धं रंगीत, अर्धं काळं-पांढरं असं जोडून द्यावं लागलं. पूर्ण रंगीत रूपात तो लोकांना दिसला थेट १९८८ मध्ये. बीबीसीने तर जागा आणि टेप वाचवायला ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग पुसून टाकले. काही रंगीत भागांच्या तर फक्त परदेशी विकायला काढलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रती उरल्या.

त्या वेळी कोणालाच वाटलं नव्हतं की याला पुढे किंमत येईल. तुमचं मिश्रणाचं प्रमाण, पहिल्या गिऱ्हाइकांची यादी, मालाचे मोठे मूळ फोटो, जुन्या हिशोबाच्या वह्या दोन ठिकाणी ठेवा. मोबाईल बदलताना हेच आधी जातं.

आणि ती रंगीत काच

आपल्याकडे दूरदर्शनवर रंग आला १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या प्रक्षेपणाने आणि मग दिल्लीच्या आशियाई खेळांनी. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे आपल्या लोकांना काळ्या-पांढऱ्याची सवय होऊन दहा वर्षं झाली होती. नंतर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ही लागायची आणि कितीतरी घरांत ते सोनेरी-निळे-लाल शर्ट करडेच दिसायचे.

त्या काळात बाजारात एक वस्तू मिळायची, तुमच्या आई-बाबांना विचारा. टीव्हीच्या पडद्यापुढे लावायची रंगीत प्लास्टिकची काच. काही निळ्या, काहींवर वर निळा आणि खाली हिरवा पट्टा. वरचं आकाश निळं, खालची जमीन हिरवी, म्हणजे टीव्ही ‘रंगीत’! बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे आणि साडी हिरवी दिसायची, पण शेजारी बघायला यायचे.

गरिबीत केलेली हौस म्हणून मला त्या काचेचा राग नाही. मला राग येतो तो धंद्यात कर्ज काढून ती काच लावण्याचा. वेबसाइट केली पण फोन नंबर चुकीचा. क्यूआर कोड लावला पण हिशोब अजून चिठ्ठ्यांवर. महागडं मशीन आणलं पण चालवणारी एकच व्यक्ती, ती लग्नाला गेली की युनिट बंद. हे सगळं काच लावणं आहे. समोरून बघणाऱ्याला रंगीत वाटतं, आत चित्र तेच करडं.

आजचा गृहपाठ

वही घ्या आणि जे काही नवं घ्यायचं मनात आहे त्यासमोर ही पाच उत्तरं लिहा. मोबाईलमध्ये नको, वहीतच.

१. हे मी घ्यावं असं सगळ्यात जास्त कोणाला वाटतंय? मला, गिऱ्हाइकाला की विकणाऱ्याला?
२. माझं जुनं गिऱ्हाईक यानंतरही मला सहज गाठू शकेल का?
३. यामुळे माझा कुठला जुना खर्च बंद होणार? रुपयांत लिहा.
४. हे घेतलं त्या वर्षी मी कुठल्या दोन गोष्टी कमी करणार?
५. हप्ता भागवायला महिन्याला किती नग विकले पाहिजेत, आणि आज मी किती विकते किंवा विकतो?

पाचही उत्तरं लिहिता आली तर बँकेत जा, बिनधास्त जा. तीनच आली तर डीलरला सांगा, “पुढच्या महिन्यात बोलू.” तो नाराज होणार नाही. झाला तरी हप्ता तो भरणार नाहीये, तुम्ही भरणार आहात.

पुढच्या व्हिडिओत आपण मशिनरीचं कोटेशन कसं वाचायचं ते बघणार आहोत, बारीक अक्षरातल्या अटींसकट. तोपर्यंत वही भरून ठेवा. भेटू!